घर एजंटच्या हवाली केलं की मालकाची जबाबदारी संपते का? (मी पुण्यात, फ्लॅट जुळे सोलापुरात)

नाही. एजंट भाडेकरू आणतो, चावी दाखवतो, फार तर कागद करून देतो. कायद्यापुढे मालक तुम्हीच.

पहिली गोष्ट करारनामा. '११ महिन्यांचा आहे, नोटरी पुरे' असं एजंट सांगेल. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो करून घेणं मालकाचंच काम. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हेच जास्त महागात पडतं. खर्च म्हणाल तर ९,००० भाडं आणि ३०,००० डिपॉझिटला मुद्रांक अडीचशेच्या आसपास, नोंदणी फी १,०००. यासाठी एजंट पाच हजार मागत असेल तर हिशोब विचारा. नोंदणी ऑनलाइन होते, पुण्याहून यायची गरज नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्या, पोच स्वतःकडे ठेवा.

दुरुस्तीचं करारातच लिहा. गळका स्लॅब, जुनी वायरिंग तुमची. बल्ब, नळाचे वॉशर त्यांचे. आणि आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, तेव्हा टाकी किती लिटरची, मोटारीचं बिल कोणाचं, टँकर मागवला तर पैसे कोणी द्यायचे, हे आधीच ठरवा. सोलापुरात निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. भाडं मात्र थेट तुमच्याच खात्यात घ्या.