दापोलीला कायमचे राहायला जाण्याआधी: वाचकांचे प्रश्न

आम्ही दोघेही बँकेतून निवृत्त झालो. दापोली तालुक्यात वीस गुंठे जागा मिळते आहे. सातबारा ‘क्लिअर’ आहे असं एजंट म्हणतो. इसार द्यावा का?

इतक्यात नको. तुम्ही शेतकरी आहात का, हा पहिला प्रश्न. शेतकरी नसाल, तर १९४८च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट चालेल, पण एनएचा आदेश हातात घेऊन वाचा. ‘होणारच आहे’ या शब्दावर पैसे देऊ नका.

कोकणातली खरी गुंतागुंत सामाईक जमिनीची. सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं असतात. निम्मे हिस्सेदार मुंबईला, काही वारलेले, त्यांच्या वारसांची नोंदच नाही. एका भावाकडून जागा घ्यायची आणि जोत्याचं काम सुरू झालं की बाकीचे हजर! सगळ्यांच्या सह्या हव्यातच. ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ किंवा कर्जाचा बोजा आहे का ते पाहा, जुने फेरफार म्हणजे मालकीबदलाच्या नोंदी काढा, सरकारी मोजणी करून घ्या. जागेपर्यंतची वाट दुसऱ्याच्या गडग्यातून, म्हणजे दगडी कुंपणातून, जात असेल, तर तो हक्क कागदावर आहे का तेही विचारा. वकील तालुक्याचाच असावा, पण विकणाऱ्याने सुचवलेला नको.

डिसेंबरात पाहिली तेव्हा विहीर तुडुंब होती. पाण्याची काळजी नाही ना?

आहे. मेच्या मध्यावर पुन्हा जाऊन बघा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण इथला जांभा दगड सच्छिद्र आणि उतार समुद्राकडे, त्यामुळे पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत. विहिरीचा तळ कधी दिसतो, ते शेजारच्या बायकांना विचारा. रोज पाणी त्याच भरतात. माझा आग्रह असा, की जूनपासून वर्षभर भाड्याने राहा. आगोटीची म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, दोन-दोन दिवस गायब होणारी वीज, भिंतींची ओल आणि मेमधला तळ हे सगळं अनुभवा, मगच खरेदीचं बोला.

आईला हृदयविकार आहे. न्यावं का?

दापोलीत उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ची रुग्णवाहिकाही मिळते. पण अँजिओप्लास्टी कुठे होते आणि पावसाळी रात्री घाटवळणांतून तिथे पोहोचायला किती वेळ लागतो, ते आधी स्वतः गाडीने जाऊन पाहा. त्यांच्या डॉक्टरांना तो वेळ मान्य नसेल, तर आईंना नेऊ नका, हे मी स्पष्टच सांगते. फुरसं हा विषारी साप या भागात भरपूर. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन कुठे ठेवतात, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

गाव आम्हाला आपलं मानेल का?

शिमग्याला पालखी दारी येईल तेव्हा घर उघडं ठेवा. गावकीची वर्गणी वेळेवर द्या, मयताला जा. ग्रामसभेत पहिली काही वर्षं ऐकायला बसा. कुंपण घालताना जुनी पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, मात्र कधीही अडवू नका, त्यावरून पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद होतं.

परसात भाजी लावता येईल ना?

येईल. आधी वानरांचा बंदोबस्त कसा करतात, ते शेजाऱ्यांना विचारा. केळी, पपई त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. हळद आणि सुरण लावून सुरुवात करा.