पोळ्याच्या करीआधी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुम्ही लिहिता की, यजमान व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आले त्याला आता चाळीस दिवस झाले आहेत. सासूबाईंनी मात्र गावात ‘नागपूरला कामाला गेला होता’ असे सांगून ठेवले आहे. तुम्ही रोज रात्री यजमानांच्या तोंडाचा वास घेता, खिसे तपासता आणि स्वतः जागत राहता. पोळा पंधरा दिवसांवर आला असून त्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, बसणाऱ्या पिण्याच्या बैठकीची तुम्हाला धास्ती वाटते, आणि दारू सोडवण्यासाठी बाजारातून आणलेली, चहात गुपचूप मिसळायची पावडर डब्यात पडून आहे. ती द्यावी का, असा तुमचा प्रश्न आहे.

ती देऊ नका, ताई. अशा पुडीत नेमके काय असते हे विकणाराही सांगत नाही. त्यात डायसल्फिरॅमसारखे, दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे औषध असेल आणि त्यावर माणूस दारू प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो आणि जीवही जाऊ शकतो; म्हणून डॉक्टर ते औषध रुग्णाची तपासणी करून, त्याला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याची संमती घेऊनच देतात. शिवाय ही गोष्ट एक दिवस उघडकीस येईल आणि घरच्या चहावरचा त्यांचा विश्वास उडेल. तो परत मिळवणे फार कठीण असते.

आता लपवण्याविषयी. सासूबाईंना अब्रूची काळजी वाटते, आणि गावात राहणाऱ्या माणसाला ती वाटणारच. परंतु यजमानांनी उपचार घेतले हे कुणालाच ठाऊक नसेल, तर करीच्या दिवशी पेला पुढे करणाऱ्या मित्राला कोण अडवणार, आणि नाही म्हणताना ते तरी कोणते कारण सांगणार? साऱ्या गावाला सांगण्याची गरज नाही. तीन-चार माणसे पुरेत, आणि ती यजमानांनी स्वतः निवडावीत: न पिणारा एखादा भाऊ किंवा मित्र, गावातल्या आशाताई (आरोग्यसेविका), आणि गावात गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना होत असेल तर तिथले एखादे जाणते गृहस्थ. संध्याकाळची ती वेळ, जेव्हा पाय सवयीने भट्टीकडे वळत, ती माणसांमध्ये जाणे हा मला फार मोठा आधार वाटतो.

केंद्रातल्या महिन्यात शरीरातली दारू उतरली. पण दारूशिवाय शेतातून घरी येणे, भांडणे, पैसे हाताळणे, झोपणे हे सारे त्यांना गावातच नव्याने शिकायचे आहे, आणि तेही इतरांच्या सोबतीने. हे ओळखूनच १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत अल्कोहोलिक्स अनॉनिमस सुरू केले. त्याच्या सभा नागपुरातही होतात. तिथे शुल्क नसते, आडनाव विचारले जात नाही, आणि ओढ लागली की फोन करता येईल असा, त्याच वाटेने गेलेला माणूस भेटतो. दर आठवड्याला नागपूर परवडणार नाही हे मी जाणते. म्हणून केंद्रातील समुपदेशकाकडून तुमच्या भागातील व्यसनमुक्त माणसांची माहिती घ्या आणि पाठपुराव्याची एकही तारीख चुकवू नका. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही मदत मिळते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य असून मराठीत बोलता येते. गडचिरोलीत १९९३पासून दारूबंदी आहे. तरीही तिथे २०१६मध्ये मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान सुरू करून गावोगावच्या संघटनांना तालुक्याच्या व्यसन-उपचार केंद्रांची जोड द्यावी लागली, कारण बंदी असली तरी व्यसनात अडकलेल्या माणसाला उपचार आणि सोबत लागतेच.

पोळ्याला त्यांना घरात कोंडू नका. बैल धुणे, सजवणे, तोरणाखाली उभे करणे हा शेतकऱ्याचा मान आहे आणि तो त्यांना मिळालाच पाहिजे. पोळा फुटल्यावर बैल घेऊन घरोघरी फिरताना मात्र भाऊ सोबत असावा. मुलाला राखणदार करू नका, ते ओझे लेकराचे नाही. करीच्या दिवशी सकाळीच दोघांनी मुलांसह तुमच्या माहेरी जावे, पण हे आजच त्यांच्याशी बोलून ठरवा, ऐनवेळी फर्मान काढल्यासारखे नको. उपाशीपोट, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा विशेष जपाव्यात. हल्ली खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) वाढल्याचे तुम्ही लिहिले आहे. त्यावरून आज भांडू नका, मात्र ज्या पानठेल्यावर जुनी मंडळी जमतात तो टाळायला सांगा. पुढे कापसाचा चुकारा थेट बँकेत जमा व्हावा.

एवढे करूनही पाय घसरू शकतो. तसे झाले तर शिव्याशाप न देता दुसऱ्याच दिवशी समुपदेशकाला फोन करा. पिणे सलग काही दिवस चालले असेल, तर घरीच एकदम बंद करायला लावू नका. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, झटके येणे, नसलेले दिसणे असे काही झाले, तर ती भूतबाधा नव्हे, जिवाचा धोका आहे. ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि रात्रीचे ते हुंगणे आजपासून थांबवा. त्याने त्यांची दारू सुटत नाही, तुमची झोप मात्र जाते. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनच्या सभा असतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी सहचरी गट चालवला आहे. तुमच्या बचतगटात असेच सोसणाऱ्या दोघीतिघी नक्की असतील. त्यांच्यातल्या एकीशी या आठवड्यात बोला, आणि कर झाल्यावर, जे घडले असेल ते, मला कळवा.

तुमची ताई