वाचकांचे प्रश्न : लिस्बनच्या टपालाची वाट

प्रश्न : पणजोबांच्या पेटीत गोवा–लिस्बन पत्रव्यवहाराची पाकिटं मिळाली. बहुतेक 1870 ते 1900 मधली, एक 1956 चं, त्यावर कराचीचा शिक्का. पत्रं कुठल्या वाटेनं जात, हे कसं ओळखावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी पाकीट उलटं करा. तिकीट पुढे असतं, पण वाट मागच्या शिक्क्यांतून कळते. तारखा क्रमानं कागदावर उतरवा. नोव्हा गोवा (म्हणजे पणजी), मुंबई, मग लिस्बन असे शिक्के असतील तर पत्र ब्रिटिश टपालातून सुएझमार्गे गेलं. पोर्तुगालची थेट बोट क्वचितच मिळे, म्हणून सगळ्यांची धाव मुंबईकडे.

मुंबईपर्यंत कसं जायचं, हे पाऊस ठरवी. चार महिने किनाऱ्यावरची बोट बंद, मग टपाल खुष्कीनं. मुरगावची रेल्वे 1888 मध्ये ब्रिटिश हद्दीतल्या कॅसलरॉकला जोडली गेल्यावर ही अडचण बरीच मिटली. कोपऱ्यात ‘व्हिया ब्रिंडिसी’ लिहिलेलं दिसलं तर पत्र इटलीत उतरून पुढे रेल्वेनं गेलं. ब्रिटिश टपालात ही वाट महाग होती, पण समुद्रातला मोठा वळसा वाचे.

1877 पूर्वीची पाकिटं वेगळी काढा. पोर्तुगीज इंडियाची तिकिटं 1871 ची, पण ती हद्दीबाहेर चालत नसत. म्हणून गोव्याहून गेलेल्या पाकिटावर ब्रिटिश इंडियाचं तिकीटही लागे. 1 जुलै 1877 ला पोर्तुगीज वसाहती आंतरराष्ट्रीय टपाल संघात आल्या आणि ही दुहेरी तिकिटं संपली. अशी जोडी मिळाली तर तिकीट वाफेवर सोडवू नका. सुटं तिकीट वाटेबद्दल काहीच सांगत नाही.

आगबोटींपूर्वी तर वाट निवडायची सोयच नव्हती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, वळसा घालणारी जहाजं वाऱ्याच्या हिशेबानं चालत : लिस्बनहून मार्चच्या सुमारास, गोव्याहून डिसेंबर-जानेवारीत. जानेवारीत धाडलेल्या पत्राचं उत्तर पुढल्या वर्षीच्या सप्टेंबरात. महत्त्वाच्या कागदांच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत, ते यामुळेच.

कराचीचं कोडं सोपं आहे. 1955 च्या सत्याग्रहानंतर भारतानं रेल्वे आणि सीमा बंद केल्या, मुंबईची वाट तुटली. त्याच वर्षी सुरू झालेली गोव्याची विमानसेवा दाबोळीहून कराचीला जाई, तिथून युरोप.

पाकिटं लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही नको. पावसाळ्यात एकावर एक रचली तर दमट हवेत डिंक सुटून चिकटतात. मध्ये कोरा पातळ कागद घाला.