पेन्शन चालू असेल तर आधी परवानगी, मग सही

प्रश्न : मी अमेरिकी नौदलातून चीफ (अधिकाऱ्यांच्या खालचा, ज्येष्ठ नौसैनिकाचा हुद्दा) म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर गेली. आता अबुधाबीच्या एका कंपनीने तिथल्या नौदलाच्या बोटींच्या देखभालीचं काम देऊ केलं आहे. पगार उत्तम, राहायला घर. कंपनीचा माणूस म्हणतो, ‘आम्ही खासगी आहोत, परवानगीची भानगड नाही.’ माझा भाचा सहा वर्षं सैन्यात काढून गेल्या वर्षी बाहेर पडला, तोही यायचं म्हणतोय. त्याला पेन्शन नाही. आम्हाला परवानगी लागेल का?
– एक वाचक, सॅन डिएगो

उत्तर : करारावर अजून सही केली नसेल तर थांबा. तुम्हाला परवानगी लागेल असंच धरून चाला.

कारण असं. अमेरिकेच्या राज्यघटनेत कलम १ मध्ये अट आहे की सरकारी पदावरच्या माणसाने संसदेच्या संमतीशिवाय परक्या राजवटीकडून पद, पगार किंवा भेट घ्यायची नाही. ‘पण मी तर निवृत्त!’ असं तुम्ही म्हणाल. मी नौदलाच्या तळावर कायदा सल्लागार होते तेव्हा हेच वाक्य सर्वांत जास्त ऐकलं. पेन्शन घेणाऱ्याला सरकार पुन्हा कामावर बोलावू शकतं, म्हणून तो त्या अटीतून सुटत नाही. ही गोष्ट फक्त जनरल-ॲडमिरलांची नाही, चीफलाही तीच लागू आहे. १९७७ मध्ये संसदेने वाट करून दिली : आपल्या सैन्यदलाच्या सचिवाची आणि परराष्ट्र खात्याची, अशा दोन्ही मंजुऱ्या मिळाल्या तर परक्या सरकारची नागरी नोकरी करता येते. एकच मंजुरी हातात असेल तर ती पुरत नाही.

आता त्या ‘खासगी’ कंपनीकडे बघू. पाटीवर काय लिहिलंय याला महत्त्व नाही. भागभांडवल कुणाचं, तुम्हाला नेमणार आणि काढणार कोण, रोजचं काम कोण सांगणार, हे बघतात. बोटी नौदलाच्या आणि कंपनीची मालकी सरकारी निधीकडे असेल, तर ती नोकरी सरकारचीच धरली जाईल. मधे एखादा अमेरिकन ठेकेदार घातला तरी सूत्रं तिकडून हलत असतील तर फरक पडत नाही. कंपनीकडून मालकीचा कागद लेखी मागा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर मी त्या नोकरीच्या वाटेला जाणार नाही.

विनापरवानगी गेलात तर तिकडे जेवढं कमवाल तेवढी पेन्शन इथे कापली जाऊ शकते. घरभाडं, विमानाचं तिकीट, भाषणाचं मानधन, सगळं हिशेबात येतं. निवृत्त जनरल मायकेल फ्लिन डिसेंबर २०१५ मध्ये मॉस्कोत रशियन सरकारी वाहिनीच्या सोहळ्याला पैसे घेऊन गेले. त्यांनी परवानगी घेतली नव्हती असा निष्कर्ष सैन्याने काढला आणि सुमारे साडेअडतीस हजार डॉलरची मागणी लावली. एका संध्याकाळचं हे, तुमचा तर करार आहे.

घाबरवायला हे लिहीत नाही. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने न्यायालयात जाऊन मिळवलेली आणि २०२२ मध्ये छापलेली कागदपत्रं सांगतात की २०१५ पासून पाचशेहून अधिक निवृत्तांनी परक्या सरकारांची कामं धरली, त्यात आखाती देशांची पुष्कळ. बहुतेक अर्ज मंजूरच होतात. वेळ मात्र महिन्यांत मोजावा लागतो, तेवढा कंपनीकडून मागून घ्या. अर्जात कामाचं नेमकं वर्णन, मोबदला आणि तुम्ही हाताळलेली गोपनीय माहिती मोकळेपणाने लिहा. मंजुरी त्या एका कामापुरती असते. तिकडे गेल्यावर ‘जरा प्रशिक्षणही द्या’ म्हणाले, तर नवा अर्ज करायचा.

भाच्याचं प्रकरण वेगळं आहे. पेन्शन नाही म्हणून तो मोकळा, असं लगेच समजू नका. भरती होताना साधारण आठ वर्षांचं बंधन असतं. सहा वर्षं प्रत्यक्ष नोकरी झाली की उरलेली दोन तो घरी बसून का होईना, राखीव यादीत असतो, आणि राखीव दलाच्या माणसालाही हाच नियम आहे. त्याच्या सुटकेच्या कागदावर बंधन संपण्याची तारीख असते, ती आधी वाचायला सांगा.

शिवाय लष्करी सामग्रीचं कौशल्य परक्या सैन्याला द्यायला निर्यात-नियंत्रणाचा वेगळा परवाना लागू शकतो. तो नियम पेन्शन विचारत नाही, दोघांनाही सारखाच. २०२१ मध्ये तीन माजी अमेरिकन कर्मचाऱ्यांनी याच अमिरातीसाठी परवान्याविना हेरगिरीची संगणक-कामं केल्याबद्दल मिळून सुमारे १७ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. इंजिनाचं तेल बदलणं आणि हे एक नव्हे, हे मला कळतं. पण बोट लढाऊ असेल तर तिची देखभालही या नियमात येऊ शकते, म्हणून निर्यात कायद्याच्या वकिलाला करार दाखवाच.

आणि एक, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. उद्या मुंबईला परतून माझगाव डॉकमध्ये सल्लागार व्हावंसं वाटलं, तर तिथे भारत सरकारची मालकी आहे. आपल्याला तो देश परका वाटत नाही, पण कायद्याच्या लेखी ते परकं सरकारच. ओसीआय कार्डाने (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) त्यात काही बदलत नाही. तिथेही हाच अर्ज करावा लागेल.