कोरड्या कुंडीत पाणी घालू नका

रोहिणी नक्षत्र लागायला चार दिवस आहेत आणि टेबलावर पत्रांचा ढीग पडलाय. या वेळी बहुतेकांनी रानफुलांबद्दलच विचारलंय. बी टाकायची वेळ टळू नये, म्हणून हीच पत्रं आधी घेते.

ताई, गेल्या श्रावणात आम्ही कासला गेलो होतो. येताना गेंद आणि सीतेच्या आसवांची चार-पाच रोपं मातीसकट आणली. छान शेणखत घालून कुंडीत लावली, पण आठवड्यात सगळी गेली. काय चुकलं? – एक वाचक, सातारा

आणलीत, तिथंच चुकलं. रागावतेय असं वाटलं तर वाटू द्या. कासचं पठार जांभ्याचं आहे, वर मातीचा नुसता हात फिरवलेला, आणि पावसाळ्यात त्या मातीत पाणी तुंबून राहतं. तिथं अन्न इतकं कमी की सीतेच्या आसवांनी मातीखाली बारीक फुगे काढलेत. पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून ती पोट भरतात. असल्या उपासाची सवय झालेल्या झाडाला तुम्ही शेणखताचं पंचपक्वान्न वाढलंत. शिवाय राखीव वनातून रोप उचलणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, आणि २०१२ पासून कास जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. ती फुलं तिथं जाऊन, वाकून बघायची. घरी लावायला दुसरी पुष्कळ आहेत. पुढचं पत्र वाचा.

घरामागे दोन गुंठे मोकळी जागा आहे. 'रानफुलांचं मिश्र बियाणं' असं लिहिलेलं पाकीट मागवून पेरलं. केशरी-पिवळ्या फुलांनी परसू भरून गेलं. पण शेजारचे गुरुजी म्हणतात, हे आपलं रानफूल नव्हेच. मग आपलं लावायचं तरी काय? – एक वाचक, तळेगाव

गुरुजींना माझा नमस्कार सांगा. तुम्ही वर्णन केलंय तो कॉसमॉस, मूळचा मेक्सिकोकडचा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो असा पसरलाय की पावसाळा सरताना उतारच्या उतार केशरी दिसतात आणि लोक खाली उभं राहून फोटो काढतात. त्या उतारांवर एरवी आपलं गवत आणि आपला तेरडा असतो. तुमच्याकडे आता बी पडलेलं असणार. पहिल्या पावसानंतर कोंब वर आले की उपटा, आणि फूल धरायच्या आत पुन्हा एकदा उपटा. दोन-तीन वर्षं तरी हे चालेल. फुलपाखरं कॉसमॉसवर मध पितात हे खरं, पण अंडी घालायला त्यांना ठरावीक झाडच लागतं. कुणाला रुई, कुणाला लिंबू, कुणाला कढीलिंब. माझ्या कढीलिंबाची पानं सप्टेंबरात अळ्या खातात आणि त्या महिन्यात आमच्या फोडणीत कढीलिंब नसतो.

आता दोन गुंठ्यांबद्दल. मी भोरला राहते, माझी जागा तुमच्यापेक्षा थोडी लहान, जमीन मुरमाड. आधी झुडपं लावा, कारण ती उभी राहायला वेळ घेतात. कडेला करवंद. पिकलेल्या करवंदाचं बी वाळवून ठेवू नका, त्याची उगवण फार लवकर जाते. आज खाल्लेल्या करवंदांचं बी आजच पिशवीत टोचा. त्याच्या आत अडुळसा आणि निर्गुडी. दोघांच्याही पेन्सिलएवढ्या जाड फांद्या पावसाच्या तोंडाला खोचल्या की लागतात, आणि दोघांनाही शेळी तोंड लावत नाही. आमच्या गल्लीत हा गुण सोन्याच्या मोलाचा. पिवळी कोरांटी वाटेपासून हातभर आत लावा, काटे साडीला धरतात.

धायटी मात्र मधोमध, घरातून दिसेल अशी. मी एका रोपवाटिकेतून वीतभर रोप आणलं. पहिली दोन वर्षं ते जागचं हललं नाही. मी दोनदा उपटायला निघाले होते. चौथ्या वर्षी माघ संपता संपता अख्ख्या फांद्या लाल झाल्या आणि सकाळी सात वाजता त्यावर शिंजीर पक्ष्यांची भांडणं सुरू झाली. आसवं-अरिष्टं ही औषधं आंबवायला वैद्य वापरतात ती हीच फुलं. मुरुडशेंगेला जागा असेल तर जरूर द्या. तिचं ताजं फूल विटकरी लाल आणि शिळं निळसर करडं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन झाडांची फुलं आहेत असं वाटतं. पिळाची शेंग बाळगुटीत उगाळलेली तुमच्या आईला आठवत असेल. दोन झुडपांत पाच-सहा फूट सोडा. आज ओकंबोकं दिसेल, दिसू द्या.

झुडपांमधल्या मोकळ्या जागेत तेरडा, कवला, सोनकी. बी जंगलातून नको, ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून विचारून घ्या. तेरड्याची पिकली शेंग हात लावताच फुटून गुंडाळते आणि बी उडून जातं, म्हणून गणपती उठले की मी शेंगांवर जुन्या मलमलीची पुरचुंडी बांधते. हे बी मृगाच्या आधी टाकायचं. जमीन खणायची नाही, खुरप्यानं नुसती ओरखडायची. मूठभर बी घमेलंभर कोरड्या वाळूत कालवून फेकायचं आणि वर माती लोटायची नाही. खत अजिबात नको. खत घातलं की गवत आणि टाकळा गुडघ्याएवढा होतो आणि तेरडा त्याखाली गुदमरतो. हे मी पहिल्या वर्षी करून बसलेय.

दुसऱ्या वर्षीची फजिती वेगळी. बी छान उगवलं आणि खुरपणीला आलेल्या बाईंनी निम्मा वाफा स्वच्छ करून दिला. त्यांचं काय चुकलं? त्यांना तण काढायला बोलावलं होतं, आणि त्यांच्या लेखी तेरडा तणच. तेव्हापासून मी थोडं बी एका फुटक्या पाटीत वेगळं टाकते. पाटीत जे रोप उगवतं ते वाफ्यात राखायचं, बाकीचं काढायचं. घाणेरी, रानमोडी, गाजरगवत दिसलं तर मात्र दयामाया नाही. गाजरगवत फुलायच्या आत, आणि हातमोजे घालून, त्यानं अंगाला खाज सुटते.

दिवाळीनंतर सगळं वाळेल. वाळू द्या. बी झडेपर्यंत झाडू आवरा.

माहेरून कळलावीचा कंद आणलाय. सासूबाई म्हणतात, ती दारात लावली की घरात कळ लागते. लावू का? – एक वाचक, चिपळूण

बाळंतपणाच्या कळा येण्यासाठी पूर्वी सुइणी तिचा कंद वापरत, कळलावी हे नाव त्यावरून पडल्याचं सांगतात. भांडणाच्या कळीशी तिचा संबंध नाही. पण सासूबाईंचं वेगळ्या कारणानं ऐका. हे झाड विषारी आहे, कंद तर सर्वांत जास्त, आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. घरात रांगतं मूल, कुत्रं, गुरं असतील तर नकोच. नसतील तर परसाच्या टोकाला, करवंदाच्या जाळीत लावा. पानांच्या टोकांनी धरत ती आपणच वर चढते. कंद हाताळल्यावर हात धुवा, आणि तो कधीही स्वयंपाकघरात सुरणाशेजारी ठेवू नका. सासूबाईंना सांगा, दारात लावणार नाही. दोघींचंही खरं होईल.

तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे. मैत्रिणीनं रानहळदीचे कंद दिले होते. पावसाळ्यात फार सुंदर फुलली, पण दिवाळीच्या सुमारास पानं पिवळी पडून गळली. रोज पाणी घालतेय, तरी काही येत नाही. मेली का? – एक वाचक, ठाणे

निजलीय. पण रोजच्या पाण्यानं कंद कुजला असेल तर उठणार नाही. आज एका कडेनं बोटानं उकरून बघा. कंद टणक लागला तर जीव आहे. पाणी ताबडतोब बंद करा आणि पहिला पाऊस पडेपर्यंत कुंडी सावलीत कोरडी ठेवा. पुढच्या वर्षीपासून पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी करत न्यायचं आणि पान पूर्ण वाळलं की थांबवायचं. कुंडी वीतभर तरी खोल हवी, माती हलकी, तळाशी विटांचे तुकडे. बाल्कनीत याच्या जोडीला एका कुंडीत तेरडा आणि उन्हाच्या कोपऱ्यात कोरांटी चालेल.

आणि कुंडीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे मी लिहिलं नव्हतं. जिन्याखाली सहा महिने रिकामी कुंडी पडलेली बघून आमच्या ह्यांनी ती उपडी केली, 'आल्याचे सुकलेले तुकडे' म्हणून कंद खतात टाकले आणि धने पेरले. त्या वर्षी कोथिंबीर मात्र झकास आली.