भोक कशात पाडायचंय, ते आधी सांगा: ड्रिलबद्दलचे प्रश्न आणि उत्तरं

गंगापूर रोडला नवा फ्लॅट घेतलाय. पडदे, फोटो, किचनमधले कप्पे लावायचे आहेत. १२ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल पुरेल की २०चंच घ्यावं?

व्होल्ट राहू द्या, आधी भिंतीवर टकटक करून बघा. विटेची असेल तर इम्पॅक्टवालं, म्हणजे अंगावर हातोडीची खूण असलेलं १२चं मशीन ६ मिलिमीटरचं भोक आरामात पाडतं. हल्ली बऱ्याच इमारतींत सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकच्या भिंती असतात. तिथे इम्पॅक्ट बंदच ठेवा, नाहीतर भोक भसकतं आणि प्लग नुसता फिरत बसतो.

खरी गोची पडद्यांची. खिडकीवर लिंटेल असतो, सळया घातलेल्या काँक्रीटचा. तिथे कॉम्पॅक्ट मशीन, १२ असो वा २०, नुसतं किंचाळतं. त्यातला इम्पॅक्ट म्हणजे दोन दातेरी चकत्यांची खडखड. मागून तुम्ही जितकं रेटाल तितकाच तिचा जोर. रोटरी हॅमरमध्ये हवेच्या दाबावर पळणारा दट्ट्या बिटाला मागून ठोकतो, माणसाने फक्त मशीन धरायचं. पडद्यांपुरता तो एक दिवस भाड्याने आणा. बाकी घराला १२चं पुरे. वजनाला हलकं असतं, आणि स्टुलावर चढून हात वर करून काम करताना त्याचीच किंमत कळते.

१८ व्होल्टच्या मशीनपेक्षा २०वालं जास्त ताकदीचं ना? ऑनलाइन तर ४८चंही स्वस्तात दिसतंय.

लिथियम-आयन सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर साधारण ४ व्होल्टचा. पाच सेल म्हणजे १८ किंवा २०, कसं मोजाल तसं. तीन सेलचं १०.८ म्हणूनच १२ होतं. स्वस्तातल्या ‘४८’च्या बॅटऱ्या मी उघडून पाहिल्यात, आत पाचच सेल. भाव बघूनच ओळखा.

बॅटरीवर अँपिअर-अवर किती, तेही बघा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॉट-अवर इतकी साठवलेली ऊर्जा; १०.८ला तेवढ्याच अँपिअर-अवरमध्ये २१.६. फरक इथे आहे.

अंबडला छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) पाइपला दिवसभर ८-१० मिलिमीटरची भोकं पाडतो. ब्रशलेसला जास्त पैसे घालावेत का?

घाला. दिवसभराच्या कामात कार्बन ब्रश झिजतात, मोटर तापते. ब्रशलेसमध्ये ब्रशच नाहीत आणि त्याच बॅटरीवर भोकं जास्त पडतात. घरगुती वापराला हा खर्च मी सांगणार नाही. चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, १३ मिलिमीटरचा घ्या आणि दोन बॅटऱ्या. एक चार्जिंगला, एक हातात.

पण तुमचे बिट जळत असतील तर दोष बहुधा मशीनचा नाही, वेगाचा आहे. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टील) बिटाने माइल्ड स्टीलमध्ये ८ मिलिमीटरला मिनिटाला हजार फेरे, १०ला आठशेच्या आसपास. ट्रिगर पूर्ण दाबून दोन नंबरच्या, म्हणजे वेगाच्या गिअरवर पळवलं की धार गेलीच. आधी पंचाने खूण ठोका, तेलाचा थेंब सोडा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या सागवानी दारांना बिजागऱ्या बसवतोय. स्क्रूची डोकी तुटतात.

जुना साग हाडासारखा होतो. आधी स्क्रूपेक्षा बारीक बिटाने भोक पाडा, स्क्रूला मेण चोळा, क्लच, म्हणजे चकमागचं आकड्यांचं कडं, खालच्या आकड्यावरून एकेक वाढवत न्या. ते आकडे न्यूटन-मीटर नव्हेत, नुसत्या पायऱ्या. पितळी स्क्रू असतील तर शेवटचे दोन आटे हातानेच. माझा आजा गिरमिटाने करायचा हे काम, त्याचं डोकं कधी तुटलं नाही. म्हणजे स्क्रूचं.

बॅटरी वर्षभरात बसली. मशीन गाडीच्या डिकीत असतं.

मे महिन्यातल्या डिकीत? तिला उष्णतेनेच खाल्लं. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका, अर्धी भरलेली घरात सावलीला ठेवा. वापरून गरम झालेली लगेच चार्जरला लावू नका. नवी घेताना त्याच कंपनीचीच घ्या, दुसऱ्या कंपनीची बहुधा खाचेत बसणार नाही.