डोक्यावर घेणं आणि टाकून देणं

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

ज्या सिनियरला तू इतके दिवस डोक्यावर घेतलं होतंस, तो एका मीटिंगमध्ये तुझी बाजू न घेता गप्प बसला आणि आता त्याचं तोंडही पाहू नये असं तुला वाटतंय. तुझ्या त्याच पत्रात खाली, नव्या फोनवर ओरखडा पडल्यापासून जेवण गोड लागत नाही, असंही आहे. हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. दोन्हीकडे आवडीची अट झाली आहे. त्याने साथ द्यावी ही इच्छा रास्तच होती. न दिल्यास तो माणूसच वाईट, ही अट तू घातलीस.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, तेव्हा याच जागेवर बोट ठेवलं. घटना आणि भावना यांच्यामध्ये आपला समज असतो. समजात हट्ट शिरला की नाराजीचा संताप होतो, काळजीची धास्ती होते. मग एका वागण्यावरून अख्ख्या माणसाला मार्क दिले जातात. आज दिलेलं शून्य जसं चुकीचं, तसे आधीचे शंभरही चुकीचेच होते. म्हणून त्याला पुन्हा मोठं मानायचा खटाटोप करू नकोस. 'काम मन लावून शिकवतो, वरिष्ठांसमोर कच खातो' एवढीच नोंद ठेव. शिकायला त्याच्याकडे जा, मीटिंगमध्ये त्याच्या भरवशावर राहू नकोस.

रोज रात्री 15 मिनिटं वहीत पाच रकाने भर: घटना, मनात आलेलं वाक्य, भावना आणि तिची तीव्रता 0 ते 100, त्या वाक्याच्या बाजूचे आणि विरुद्धचे पुरावे, शेवटी नवं वाक्य आणि पुन्हा तीव्रता. बहुतेकांची गाडी पहिल्याच रकान्यात अडते. 'त्याने मला तोंडघशी पाडलं' ही घटना नाही, तो अर्थ आहे. 'माझ्या मुद्द्यावर तो काही बोलला नाही' ही घटना. दुसऱ्या रकान्यात प्रश्न लिहू नकोस. 'तो असं का वागला?' याला पुरावा शोधता येत नाही. 'त्याला माझी किंमत नाही' याला येतो. नवं वाक्यही गोडगोड नको, कारण ज्यावर तुझाच विश्वास नाही ते वाक्य तीव्रता उतरवत नाही. 80 वरून 50 वर आलं तरी ते यश आहे. शून्याची वाट पाहू नकोस. विश्वासाला तडा गेला तर वाईट वाटणारच, आणि वाटायलाही हवं. 'मला काही फरकच पडत नाही' म्हणणारा माणूस समतोल नसतो, त्याने फक्त दार लावून घेतलेलं असतं. राग अगदी टिपेला असताना मात्र वही उघडू नकोस. आधी वीसेक मिनिटं चालून ये.

आता फोन. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याच मनात वाढते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काहींना कॉफीचा साधा मग भेट दिला. तो विकण्यासाठी त्यांनी मागितलेली किंमत, तो मग न मिळालेले लोक द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. तो मग तर थोड्या वेळापूर्वी कोणाचाच नव्हता! म्हणून स्वतःला विचार: हाच फोन, याच ओरखड्यासह, दुकानात किती रुपये कमी देऊन घेतला असता? तो आकडा लिही. नुकसान तेवढंच आहे. ओरखडा सारखा निरखणं मात्र आवर. बघितल्यावर क्षणभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यामुळेच सवय पक्की होते. बघावंसं वाटलं की आधी 10 मिनिटं थांब, दोन-तीन दिवसांनी 20 कर. सुरुवातीला अस्वस्थता वाढेल. बहुतेक वेळा ती न बघताही ओसरते, हे तुझं तुला दिसेल.

यातलं काहीही अपमान सहन करण्यासाठी नाही. कोणी वारंवार शिवीगाळ करत असेल तर वही बाजूला ठेव, लेखी तक्रार कर आणि अंतर ठेव. झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे सतत बिघडलेलं राहिलं तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सात रात्रींच्या नोंदी झाल्या की पाठव. पहिला रकाना आधी तपासू.